तारखेची जागा

मी पत्र्यावर रंगवतो.
तेलाचे रिकामे डबे कापायचे, ठोकून सपाट करायचे,
पांढऱ्याचा एक हात मारायचा,
मग त्यावर लोकांचे चमत्कार.
आमच्या डोंगरातली चांदी संपली, तिचं भोक उरलं,
आणि भोकाच्या वर एक चर्च.
तिथं नवस फेडायचा तर आधी माझ्या दुकानाची पायरी.

क्रेसेन्सिओ आला, ट्रकवाला.
घाटात ब्रेक गेले, तेव्हा
मेरीमातेनं हात आडवा घातला म्हणे.
कुठला? डावा की उजवा?
तो टोपी फिरवत बसला बराच वेळ.
मी रंग कालवायला घेतला.
खोटं बोलणारा लगेच उत्तर देतो.

ओफेलियाच्या डुकरिणीला तेरा पिल्लं झाली, तेराही जगली.
मी बारा काढली. जागा नव्हती.
तिनं बोटानं मोजली
आणि पत्रा माझ्यापुढे परत ठेवला, एक शब्द न बोलता.
तेरावं आता मातेच्या निळ्या झग्याआडून डोकावतं.
लोक त्या चित्रापुढे हसतात,
चर्चमध्ये, मोठ्यानं.
पाद्रीबाबांना खपत नाही.
मला खपतं.

तुम्ही स्वतः मानता का हो हे सगळं?
असं फक्त मेक्सिको सिटीहून आलेले विचारतात, कॅमेरा गळ्यात घालून.
मी म्हणतो, निळा महाग झालाय.

माझी रेमेडिओस बाळंतपणात गेली.
तिच्यासाठी पत्रा कापावा लागला नाही.
न वाचलेल्यांची चित्रं कोण काढून घेतो?
चर्चची भिंत म्हणजे एकाच बाजूची वही,
जमा, जमा, जमा.
दुसरी बाजू मला पाठ आहे.
तरी ब्रश धरला की हात थरथरत नाही.
श्रद्धा म्हणा. सवय म्हणा.
चहाच्या कपात ब्रश बुडवणाऱ्या माणसाला
एवढा फरक कळत नाही.

मग एर्मेलिंदा आली.
पोरगा उत्तरेला गेलेला, वाळवंटातून. फोन नाही.
म्हणाली, तो पोचल्याचं काढून ठेव.
मी म्हटलं, बाई, आभार आधी मानत नसतात.
ती म्हणाली, मका तर रात्रीच भिजत घालते ना मी?
सकाळी उठेन की नाही, हे कुणाला विचारून?

मी सत्तर पेसो घेतले.

तिच्याकडे फोटो होता तो नऊ वर्षांच्या पोराचा,
पांढरा शर्ट, हातात मेणबत्ती.
गेला तेव्हा एकोणीसचा.
मधली दहा वर्षं मला कुठून रंगवता येणार?
म्हणून पाठमोरा काढला. निवडुंग, पाण्याचा कॅन, पाठ.
कोपऱ्यात माता.
खाली तिचं नाव, आभाराची ओळ,
आणि तारखेपुरती जागा कोरी.

त्याला अकरा वर्षं झाली.
पत्रा दुकानातच आहे, खिडकीशेजारी.
आपापल्या चित्रासाठी आलेली माणसं त्याच्यापुढे थांबतात.
क्रेसेन्सिओनं टोपी काढली होती.
एक मुलगी, कपाळाला पीठ लागलेली,
म्हणाली, यात माझ्या भावाला उभं करता येईल का?
मी एर्मेलिंदाला विचारायला गेलो.
ती म्हणाली, एकटाच चालत होता, बरं झालं.

आज त्या वाळवंटात एकोणीस पाठी आहेत.
एक बाई आहे, वेणी घातलेली. एक फार लहान आहे.
दर वेळी जागा करायला
मातेला थोडं लहान करावं लागलं,
आता ती नखाएवढी,
आणि लांबून पाहिलं तर
त्यांच्यातलीच कुणी, जरा मागे पडलेली.

चर्चमध्ये माझे चारशे पत्रे आहेत.
त्यांच्यापुढे लोक हात जोडतात आणि निघून जातात.
इथं निघायचं विसरतात.
याचं श्रेय मी घेऊ नये. घेतो कधीकधी, रात्री.

एर्मेलिंदा दर नोव्हेंबरात येते,
पदराच्या टोकानं धूळ पुसते,
रंग टिकलाय, एवढंच म्हणते.
मीही दुकान उघडलं की
आधी तेवढा कोरा तुकडा पुसतो.
पांढरा पिवळा पडायला लागलाय.
नवा हात मारावा लागेल.