गय

बुधवारी परिचारिका येते फॉर्म घेऊन.
जीवनाचा दर्जा : एक ते पाच. खूण करा.
मी चष्मा पुसत बसते.
एकवर केली तर ही गोळ्या वाढवणार,
पाचवर केली तर फेऱ्या कमी करणार.

कोत्काच्या बंदरात एकतीस वर्षं क्रेन चालवली मी.
आभाळात टांगलेलं काचेचं खोपटं,
दोन हातांत दोन दांडे,
खाली कागदाची अजस्र रिळं
आणि त्यांच्यामध्ये वावरणारे कुणाकुणाचे नवरे.
मग निवृत्ती. मग ऐनो गेला.
मग सगळेच माझ्याशी हळू बोलायला लागले,
जणू मी काठोकाठ भरलेली वाटी.

ग्रंथालयाच्या तळघरात दर गुरुवारी
सात म्हातारे, पाच पडदे, एक कॉफीची किटली.
वेइक्कोचा डावा हात अर्धांगानं नेला,
उजव्यानं गाडी हाकतो, उरलेलं काम शिव्यांवर भागवतो.
सिर्काला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही,
पण कुठल्या वळणावर बर्फ आहे ते तिलाच विचारायचं.
पहिल्यांदा कंट्रोलर धरला तेव्हा
अंगठ्यांना आधी कळलं, मला मागाहून :
अगं, हे तर दांडेच.

शनिवारी सामना होता. औलूचा कुणी पोरगा,
आवाज नुकताच फुटलेला.
पहिल्या डावात त्यानं मला धूळ चारली.
कानातल्या हेडफोनमधून विचारलं, वय काय तुमचं?
अठ्ठ्याहत्तर.
बराच वेळ नुसती खरखर.

दुसऱ्या डावात तो वळणावर रेंगाळला. जरासाच.
लोंबत्या ओझ्यावर जन्म काढलेले डोळे माझे,
कोण कुठे ढील देतंय ते मला कळतं.
भर रस्त्यात मी गाडी उभी केली.
म्हटलं, बाळा, नीट चालव.
नाहीतर घरी जा.

मग मात्र चालवली त्यानं!
अर्ध्या चाकानं हरले.
तळघरात सिर्का टेबल बडवत होती,
वेइक्कोनं कॉफी सांडली होती,
आणि माझे कान तापले होते रागानं,
किती वर्षांनी, देवा, किती वर्षांनी.

रात्री झोप लागली नाही.
गुडघा नव्हे. ते शेवटचं वळण.
तिथे ब्रेक लावायलाच नको होता.

‘करा ना खूण, ताइमी,’ ती हळू म्हणते.
मी पेन उचलते.
विचारते,
इथे ‘परतफेड बाकी आहे’ असं कुठे लिहायचं?