तीन रेघा

मंडल्यांची ऋणाली कॉलेजचा कागद घेऊन आली.
प्रकल्प आहे म्हणाली, पानभर प्रश्न:
माध्यम क्षेत्रात येण्यासाठी लागणारी कौशल्ये लिहा.
खाली तीन रेघा.

म्हटलं बस, आधी हा वाढदिवस जाऊ दे मशिनला.
दहा बाय वीस. तासगाव स्टँडसमोर लागायचाय सहाच्या आत,
आणि अजून ठरेना
शुभेच्छुकांत कुणाचं डोकं कुणापेक्षा बोटभर मोठं.
हे लिही पहिलं. डोक्यांचं माप.
एकदा चुकलो अर्ध्या इंचानं,
रात्री अकराला शटर वाजवलं लोकांनी.

सुरुवात? दस्तगीर पेंटरच्या हाताखाली.
दोन वर्षं नुसते डबे धुतले रॉकेलनं,
मग भिंतीला चुना, मग दोरीला नीळ लावून रेघ उडवणं.
अक्षराला हात लावू दिला तिसऱ्या दिवाळीत,
तोही तेलाच्या जाहिरातीतला एक अनुस्वार.
म्हणायचे, टिंब म्हणून हलकं घेऊ नको,
शेंगदाण्याचा शेगदाणा होतो, गाव वर्षभर हसतं.
आणि शिडीवरून उतर. रस्ता ओलांड. तिथनं बघ.
जवळून सगळंच चांगलं दिसतं.

मग फ्लेक्स आलं.
चाचांनी ब्रश धुतले, पुसले, सुतळीनं बांधले
आणि मला म्हणाले, सांगलीला जा,
तीन महिन्यांत शिकवतात म्हणे.
एसटीचा पास काढला.
माउस धरताना करंगळी टेकवायचो टेबलावर,
ब्रश धरताना भिंतीला टेकवतात तशी.
मास्तर हसायचे.

ऋणाली लिहीत नव्हती, पेनचं टोपण चावत होती.
म्हणाली, सॉफ्टवेअरची नावं सांगा ना काका.
सांगितली.
एक रेघ भरली.

तेवढ्यात सावर्ड्याचे दोघं आले, चपला बाहेर काढून.
दुकानात चपला कोण काढतं,
तेव्हाच कळलं कसला बोर्ड आहे ते.
हणमंता शूटिंगवाला गेला.
अर्ध्या तालुक्याची लग्नं त्याच्या कॅसेटीत,
नंतर सीडीत, नंतर पेनड्राइव्हमध्ये,
अन् त्याचा स्वतःचा फोटो एकच,
कुणाच्या तरी हळदीत, मागच्या रांगेत, कडेला.
खांद्यावर कुणाचा तरी हात.

मागचा मंडप काढला. पुढच्याचा फेटा काढला.
केस एकेक करून सोडवले, त्याला वेळ लागतो.
मग हातापाशी आलो.
हात कुणाचा?
दोघं वाकले स्क्रीनवर.
घड्याळ आहे, म्हणाला एक.
आमच्यात घड्याळ कोण घालतं रे? दुसरा काही बोलला नाही.

चार मिनिटांचं काम. शर्टाचाच तुकडा उचलायचा,
वर ठेवायचा, कड मऊ करायची.
हजार हात घालवलेत मी असे,
सोडचिठ्ठी झालेले, भाऊबंदकीतले, पक्ष बदललेले.

ऋणाली स्टूलवरून म्हणाली,
हात गेला तर ते हसतायत कुणाकडे बघून?

मी माउसवरून बोटं उचलली.
खरंच, मान वळलेली होती.
पंधरा वर्षांत मी मान बघितली नव्हती, फक्त कड.

हात राहिला.
घड्याळासकट. मनगटाच्या मागे मी पांढरं धुकं सोडलं,
म्हातारा म्हणाला, असू दे, कुणाचा का असंना.

चार बाय सहा छापून झालं, शटरला अडकवलं
वास जाईपर्यंत.
मी पैशाचं बोलत होतो, कमी करत होतो,
ही कधी उठली, कधी रस्ता ओलांडला,
पलीकडे झेरॉक्सच्या पायरीवर जाऊन उभी,
डोळ्यांवर हाताची सावली धरून.
तिला हे मी करायला सांगितलं नव्हतं.

मधून ऊसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या.
ट्रॉल्या गेल्यावर ओरडली,
टिंब!

वर बघितलं.
भावपूर्ण श्रद्धाजली.

ड्रॉवरमध्ये काळा मार्कर होता.
स्टूलवरचा तिचा कागद खाली ठेवला, स्टूल बाहेर आणलं,
चढलो,
करंगळी टेकवली.