हात पुरला नाही

रोपवाटिकेच्या वहीत मी लिहिते :
वाफा तिसरा. पिशव्या तीनशे बारा.
उगवले एकेचाळीस.
उंदरांनी नेले किती, थंडीनं नेले किती,
त्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

न्योजाला घाई नसते.
खाली मैदानात त्याला चिलगोजा म्हणतात
आणि डब्यात मोजून ठेवतात.
पहिल्या वर्षी तो वर येतो बोटाच्या पेराएवढा,
आणि खाली त्याचं मूळ
पिशवीच्या तळाशी वेटोळं घालून बसतं
दगडातली फट हुडकत.
आम्ही त्याला चाळलेली माती देतो,
शेणखत, हिरव्या जाळीची सावली, झारीनं पाणी.
तो मरतो.

वर कड्यावर,
जिथं बकरीसुद्धा पाय टाकताना विचार करते,
तिथं कुणी न पेरलेला एक उभा आहे
माझ्या कमरेएवढा,
खाली सतलजचा आवाज ऐकत, खुशाल.
कुण्या पाखरानं बी दडवलं असेल,
मग विसरलं असेल.
मी हे साहेबांना सांगितलं.
ते म्हणाले, रतन भगती,
पाखरांना मस्टरवर घेता येत नाही.

थोराड झाला की साल टाकतो.
करडे पापुद्रे सुटतात, आत हिरवट, आत चांदी;
सापानं कात टाकायला घेतली
आणि अर्ध्यात राहून गेली, तसं खोड.
सुया तीन-तीनच्या जुडीत.
शंकूला दोन हिवाळे लागतात भरायला.
इथं पाऊस येता येता वाटेतच संपतो,
तरी दाण्यात तेल कुठून येतं
हे बापूलाही ठाऊक नाही,
आणि बापूला झाडाबद्दल ठाऊक नाही असं
दुसरं काही नाही.

आश्विनात तो चढतो.
कमरेला दोर, हातात आकड्याची काठी,
वरून हिरवे शंकू धपाधप,
कधी शंकूबरोबर फांदीही, पुढच्या वर्षाच्या कळ्यांसकट.
त्यावरून आमची भांडणं.
शंकूंचा ढीग गवताखाली दडपायचा,
त्यांनी तोंड उघडेपर्यंत थांबायचं, मग बडवायचं.
राळ हाताला चिकटते ती पाण्यानं जात नाही,
चुलीच्या तेलानं जाते. म्हणजे रानजर्दाळूच्या,
आमच्याकडे चुली हे फळ आहे, विस्तवाची जागा नाही.
त्या चार दिवसांत बापू जे धरतो ते सुटत नाही :
चहाचा पेला, टोपी, माझ्या लेकीची वेणी.

मग रामपूरचा व्यापारी येतो.
भाव सांगताना तो दाण्याकडे बघत नाही,
आमच्या छपराकडे बघतो.

माझ्या लग्नात पाहुण्यांच्या गळ्यात
न्योजाच्या माळा घातल्या होत्या,
एकेक दाणा सुईनं ओवलेला, सहा रात्री, सगळ्या बायका.
आत्याचा नवरा परतीच्या वाटेनं खात खात गेला
आणि घरी पोचला तेव्हा
गळ्यात नुसता दोरा होता.
मला आपलं रान आता तसं दिसतं,
असं मी एकदा जेवताना बोलले.
बापूनं ताट सरकवलं. बाहेर गेला.

यंदा ओढ्यावरच्या म्हाताऱ्या झाडावरून
तो लवकर उतरला.
खालून मी मोजले : शेंड्याला सात,
भरलेले, जड, उन्हात चकाकणारे.
म्हटलं, ते?
तर म्हणाला, हात पुरला नाही.

काठी बारा हातांची आहे.
गेल्या साली याच झाडाचा शेंडा
त्यानं मुंडून आणला होता.
मी काही बोलले नाही.
त्याच्या तळव्यावर तेल ओतलं,
तो बोटं चोळत राहिला, वर न बघता.

रात्री वही उघडली.
सातांसाठी तिच्यात रकाना नव्हता.
समासात लिहिले.