मूळ फोल्डरला हात लावायचा नाही

शलाका म्हणाली, काका, आधी एक कॉपी काढून ठेवा.
अख्ख्या खेळाची. दुसऱ्या ड्राइव्हवर.
मग काय मोडायचं ते मोडा.

हे मला कुणी तीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर,
जाऊ दे.

धायरीतली दुपार. वरच्या मजल्यावरची ही मुलगी,
नुकतीच दहावी झालेली, पायरीवर चप्पल काढून आत येते
आणि मुलाने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर
मला शिकवते.
खेळात रस्ते परदेशी. गुळगुळीत. रिकामे.
गाड्या अशा, की दार लावल्याचाही आवाज नाही.
मी म्हटलं, मला आमची लाल बस पाहिजे.
ती म्हणाली, मग मॉड टाकावा लागेल.

कुणा एका पोराने, बहुतेक चिखलीच्या,
रात्ररात्र जागून ती बस केलीये.
फुकट ठेवलीये. सोबत एक चिठ्ठी:
*आधी हे वाचा. चुका असतील, सांभाळून घ्या.*
मी चिठ्ठी न वाचता पुढे गेलो.
एकतीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस
चिठ्ठ्या वाचतो होय?

पडदा काळा.
पुन्हा सुरू केला, पुन्हा काळा.
कात्रजच्या बोगद्यात दिवे गेल्यासारखा,
फक्त पुढे उजेडाचा ठिपका नाही.

शलाकाने ओरडायला हवं होतं. ती हसली.
फोल्डर उघडला. आत त्याच नावाचा फोल्डर.
त्याच्या आत बस.
डब्यात डबा, काका. एक डबा काढून टाका.
शिवाय ही बस जुन्या खेळासाठीची,
तुमचा खेळ नवा. नव्यासाठीची वेगळी आहे.
चिठ्ठीत लिहिलंय सगळं.

मग वाचली. चष्मा लावून, बोट ठेवून,
सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी
हवा, पाणी, ब्रेक बघायचो तशी.
आधी नकाशा. मग बस. मग हॉर्नचा आवाज.
पाटी सगळ्यात शेवटी, नाहीतर वरचं खालच्याला झाकतं.
एका वेळी एकच टाकायचं, चालवून बघायचं,
मग दुसरं.
म्हणजे बिघडलं तर कुणामुळे, ते कळतं.
आमच्या डेपोत ही पद्धत असती
तर निम्मी भांडणं झाली नसती.

पाटी मी स्वतः केली. पिवळ्यावर काळं,
माउसने, थरथरत: स्वारगेट.
टाकली. गाडी सुरू केली. बाहेरून पाहिली.
टगेरवास्वा.

अक्षरं उलटी. आरशातली.
शलाका पोट धरून हसत खुर्चीवरून घसरली.
चित्र उलटं चिकटतं म्हणे कधीकधी, पुन्हा उलटवायचं.
मी म्हटलं, असू दे.
पुढच्या ट्रकवाल्याला आरशात नीट वाचता येईल
मागून कोण येतंय ते.

आणि निघालो.
आवाज तोच. दुसऱ्या गिअरला किंचित कण्हणारा.
त्या पोराने खऱ्या बसच्या पाठीमागे उभं राहून
तो भरून घेतला असणार,
धूर खात.
माझा डावा पाय टेबलाखाली आपोआप
क्लच शोधत होता. तिथे फक्त सतरंजी.

उजव्या बाजूने चालवायचं तिकडे. दोनदा चुकलो.
तिसऱ्यांदा एक थांबा दिसला, काचेचा, स्वच्छ,
न थुंकलेला.
सवयीने बस कडेला घेतली. दार उघडलं.
कुणी नाही.

प्रवाशांचा मॉड वेगळा असतो, काका,
शलाका म्हणाली. तो जड आहे, लॅपटॉप गरम होईल.
उद्या टाकू.

बरं, म्हटलं.
तिची आई वरून हाक मारत होती. ती गेली,
जाताना म्हणाली, सेव्ह करा हं.

मी इंजिन चालू ठेवून बसून राहिलो.
दार उघडंच.
एक म्हातारी नेहमी धावत यायची
सकाळच्या पावणेसातच्या गाडीला, पिशवी हलवत,
तिला अजून दोन मिनिटं.