आपला परिसर, इयत्ता चौथी

आमच्या टॅबला तडा आहे,
वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून खाली उजवीकडे वाहणारा.
नकाशा सरकवला की तोही गाव बदलतो,
सोमवारी भिवंडीवरून, मंगळवारी ऑस्ट्रेलियावरून.
पोरं म्हणाली, बाई, ही नदी.
मी म्हटलं, काच आहे ती.
मग म्हटलं, बरं, नदी. उगम कुठे, मुख कुठे, सांगा.
तेवढाच एक धडा पुढे सरकला.

होकायंत्र उघडलं
तर उत्तर धावत गेली लोखंडी कपाटाकडे.
दर्शिल मढवी म्हणाला, बरोबरच आहे,
खिचडीची डाळ त्यातच असते.
मैदानात नेलं तेव्हा सुई शुद्धीवर आली.
पूर्वेला डोंगर. पश्चिमेला रूळ, वाशी, खाडी.
उत्तरेला पावण्याच्या कंपन्यांचा वास,
जो कुठल्याच नकाशात दाखवत नाहीत,
म्हणून नूरसबाने सूचीत त्याचं चिन्ह काढलं:
चिमटीत धरलेलं नाक.

प्रकल्प साधा होता.
आपापल्या घरावर टाचणी लावा.
दर्शिलची लागली गावदेवीच्या देवळामागे, पहिल्याच फटक्यात.
सायबण्णाची लागेना.
खदानीच्या वरच्या अंगाला त्याने बोट दाबून धरलं
आणि टॅब म्हणाला, निनावी रस्ता.
बाई, निनावी कुणाचं आडनाव?
आम्ही चौकटीत नाव भरून पाठवलं, त्याच्याच सांगण्यावरून:
पाण्याच्या टाकीची चढण.
उत्तर आलं, तुमची सूचना तपासत आहोत.
त्यानंतर आमच्या दोन चाचण्या होऊन गेल्या.

मग वर्षांची पट्टी सापडली.
खाली एक ठिपका असतो,
तो मागे ओढला की आकाशातून काढलेली जुनी छायाचित्रं येतात.
रत्नव्वाने ओढला.
आभाळ भरून येतं ना,
तसा डोंगर भरून आला.
पुढे ओढला: पांढरं खिंडार.
मागे: हिरवा. पुढे: पांढरं.
मागे.
तास संपल्याची घंटा कुणाला ऐकूच आली नाही.

डोंगर गेला कुठे?
आमच्या आप्पाने फोडला, सायबण्णा म्हणाला,
आमच्या आप्पाने विहीर खणली, असं कुणी सांगावं तसं.
आणि आमच्या काकाने नेला, दर्शिल म्हणाला,
डंपरमधून, खाडीच्या भरणीला.
तेवढ्यात दुपारचा दोनचा सुरुंग उडाला,
टॅब बाकावर टकटकला.
कुणी मान वर केली नाही.

बाई, तुमचं घर?
मी टाचणी लावली.
सानपाडा, तिसरा मजला, खिडकीत तगरीची कुंडी.
रत्नव्वाने वर्षं मागे ओढली.
इमारत गेली. रस्ता गेला. दिव्याचे खांब गेले.
टाचणी उरली चिखलात,
आणखी मागे गेल्यावर पाण्यात.
बाई पाण्यात राहतात!
वर्ग हसला, मीही हसले.
सायबण्णा मात्र दोन बोटं ठेवून होता,
एक खदानीवर, एक माझ्या टाचणीवर.
म्हणजे आमचा डोंगर तुमच्या खाली आहे, म्हणाला.
तक्रार नव्हती.
तो प्रमाणाची पट्टी लावून अंतर मोजत होता.

त्या संध्याकाळी मी फरशीवर अनवाणी उभी राहिले
थोडा वेळ.
काही जाणवलं नाही.
शेजाऱ्यांचा मिक्सर चालू होता.

चाचणीत प्रश्न होता, दोन गुणांचा:
डोंगर कशामुळे झिजतो?
उत्तरसूचीत होतं, वारा आणि पाणी.
सायबण्णाने लिहिलं,
वारा, पाणी आणि आप्पा.
मी तीन गुण दिले.
मुख्याध्यापकांनी पेपर परत पाठवला,
पेन्सिलने गोल करून: दोनपैकी तीन?
खाली मी लिहून ठेवलंय,
तपासत आहोत.