पडली तर

वारसियात, लधारामकाकांच्या दुकानाबाहेर
तिघी उभ्या होत्या.
लाल एक, उंच. बसून पाहिलं तर
टाचा अधांतरी.
दुसरीचा नुसता आवाजच मोठा.

'बेन, स्कूटी लई जाव ने,' काका म्हणाले.

मी ॲव्हरेज नाही विचारलं.
विचारलं, पडली तर
मला एकटीला उचलवेल का?

काकांनी चहाची बशी खाली ठेवली,
तिसरी, शंभर सीसीची,
टाकीला पोचा आलेली,
गोणपाटावर अलगद आडवी केली.
'उपाडो.'

पहिल्यांदा हँडल फिरलं.
मग चप्पल निसटली.
मग पाठ लावून, गुडघ्यांतून,
गव्हाची कोठी सरकवते तशी

उभी.

पोच्याचा एक रुपया कमी केला नाही त्यांनी.
मांडवीपर्यंत चारदा बंद पडली.
मागे रिक्षावाले हॉर्न देत राहिले,
माझे दोन्ही पाय टेकत होते.