पासवर्ड

सप्टेंबर संपला की कोबुलेतीच्या किनाऱ्यावरच्या छत्र्या मिटतात,
आइस्क्रीमच्या गाड्या ताडपत्रीखाली जातात
आणि मग हे लोक येतात.
विंचवासारखं पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडात लॅपटॉप.
आल्या आल्या माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघतात.
प्लग सापडला की मग नमस्कार,
तोही मोबाइलवरून शिकलेला: गमार्जोबा.

एका कॉफीवर चार तास.
मी काही बोलत नाही.
सासूबाई बोलतात, पण जॉर्जियनमध्ये,
त्यामुळे ते हसून मान डोलावतात
आणि त्या आणखी चिडतात.

मिन्स्कची व्हेरानिका खिडकीजवळचं टेबल अडवते,
कुठल्यातरी दूरच्या बुटांच्या दुकानाचे हिशेब जुळवते.
मीटिंगआधी ओठ रंगवते. टेबलाखाली
पायजमा, आजीनं विणलेले लोकरी मोजे.
शिराझचा शहाब समुद्राकडे पाठ करूनच बसतो;
समोर असला की पडदा चकाकतो म्हणे.
साहेबांसमोर जाताना मात्र
एका टिचकीत तो पाठीमागचा समुद्र पुसून टाकतो
आणि तिथे पुस्तकांचं कपाट लावतो.
परवा मी मागून कप उचलायला गेले,
तर त्या कपाटातून माझा हात उगवला
कोपरापर्यंत,
आणि पुन्हा पुस्तकांत बुडाला.

आम्ही दूर बसून काम करतो, असं ते समजावून सांगतात.
मी ऐकून घेते.
एन्वेरही दूर बसूनच काम करतो,
धान्याच्या जहाजावर, इंजिनाच्या पोटात,
जिथे उजेड ट्यूबलाइटचा
आणि बोलणं पंपाशी.

कॅफेचा पासवर्ड आठ आकडी आहे.
फळ्यावर खडूनं लिहिलेला, खाचापुरीच्या भावाखाली.
कशाचे आकडे, कुणी विचारलं नाही.
शहाब एकदा म्हणाला, लक्षात राहत नाही हो हा.
माझ्या राहतो.

मंगळवारी फोन आला.
डर्बनबाहेर नांगर टाकून पडलेत, सहावा दिवस.
त्याचा चेहरा चौकोनाचौकोनांनी आला,
आधी कपाळ, मग हनुवटी, आवाज सगळ्यात शेवटी.
सगळी टेबलं मीटिंगमध्ये,
वायफायचा निम्मा ओघ त्यांनीच पिऊन टाकलेला.
म्हटलं, थांब, समुद्र दाखवते, आज कसा निवळलाय बघ.
समुद्र नको गं, म्हणाला.
गल्ली दाखव.

मी फोन घेऊन दारात गेले.
गल्लीत काय असायचंय?
झुराबचं टायरचं दुकान बंद.
शेजारच्या अंगणात पान नसलेलं झाड
आणि त्याला नुसती केशरी पर्सिमनं.
एक कुत्रं, कानात पालिकेचा पिवळा बिल्ला,
रस्ता ओलांडावा की नाही या विचारात.
तो बघत राहिला.
कुत्रं पलीकडे पोचेपर्यंत काही बोललाच नाही.
मग म्हणाला, बदली माणूस आलाच नाहीये.
अजून दोन महिने.
फार तर अडीच.

आत आले. हात कोरडेच होते, तरी पुसले.
राउटरच्या पानावर जाऊन
दिवस तोच ठेवला, महिना पुढे ढकलला.
वर्षही बदलावं लागलं.

एकदम सगळ्या माना वर.
व्हेरानिकाचे साहेब अर्ध्या शब्दात, तोंड उघडं, थिजलेले.
शहाब वैतागून मागे वळला,
आणि वळलाच आहे तर
थोडा वेळ समुद्राकडे बघत बसला.
पुन्हा बदललात? मागच्या महिन्यातच ना...
हो, म्हटलं. सुरक्षेसाठी.

जुने आकडे ओल्या फडक्यानं पुसले,
मग ओल्यावर खडू उठेना.
दोनदा गिरवावे लागले.
शहाबनं एकेक आकडा मोठ्यानं म्हणत टाइप केला,
शून्याशी अडला, पुन्हा पहिल्यापासून,
आणि ओरडला, लागलं!

सासूबाईंनी चष्मा वर करून फळा वाचला,
ओठ हलवत, डावीकडून उजवीकडे.
मग खाली बघून पीठ मळायला लागल्या.
काही बोलल्या नाहीत,
जॉर्जियनमध्येसुद्धा.